सातला उतरलेली गुढी

माझ्या फोनवर माझ्या नवऱ्याच्या रक्तातली साखर दिसते. निखिलच्या दंडावर रुपयाएवढे एक यंत्र चिकटवलेले असते. ते थोड्या थोड्या वेळाने मोजणी करते आणि तो आकडा आधी त्याच्या फोनवर व तिथून माझ्या फोनवर येतो. आकड्याशेजारी एक छोटा बाण असतो. साखर चढते आहे, उतरते आहे की जागच्या जागी आहे, हे तो बाण सांगतो. निखिलला लहानपणापासून टाइप वन मधुमेह आहे. त्याच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, ते टोचून घ्यावे लागते, आणि ताटात गोड किती व पिठाचे किती हे पाहून प्रत्येक वेळी त्याची मात्रा ठरवावी लागते. मात्रा कमी पडली तर साखर वाढते. तिचे परिणाम सावकाश होतात आणि सुधारायला वेळ मिळतो. मात्रा जास्त झाली तर मात्र साखर घसरते. माणसाला घाम फुटतो, भान जाते, आणि वेळेवर कोणी तोंडात गोड घातले नाही तर तो पुन्हा जागा होईलच असे सांगता येत नाही.

मी जीवशास्त्र शिकले, पुढे संख्याशास्त्राकडे वळले आणि आज सिंगापुरात औषधांच्या चाचण्यांतून येणाऱ्या माहितीचे विश्लेषण करते. त्यामुळे हा हिशोब घरात माझ्याकडे आला, किंवा खरे सांगायचे तर मी तो ओढून घेतला. ग्लुकोजच्या गोळ्या माझ्या पर्समध्ये, इन्सुलिनची पेनेही माझ्याच पर्समध्ये. निखिल विसराळू आहे आणि मी नाही, एवढे कारण मला पुरेसे वाटे. देवाबद्दल म्हणाल तर सेरंगूनच्या आमच्या फ्लॅटमध्ये छोटासा देव्हारा आहे, त्यापुढे मी रोज दिवा लावते. पण तो आईने लावलेली सवय म्हणून. ज्या गोष्टीची खातरजमा करता येत नाही तिच्यावर भार टाकू नये, हे मी प्रयोगशाळेत शिकले होते आणि तेच घरातही पाळत होते. अशा स्त्रीने आध्यात्मिक अनुभव लिहावा, याचा संकोच मला आजही वाटतो. जे घडले ते, जसे घडले तसे, एवढेच मी लिहिणार आहे. त्याला काय म्हणायचे ते वाचणाऱ्याने ठरवावे.

गेल्या वर्षी आमच्या सिंगापूरच्या मराठी मंडळातील काही कुटुंबे मिळून दक्षिण स्पेनच्या सहलीला गेली. आम्ही दोघे त्यात वयाने सर्वांत लहान. सगळ्यांत मोठ्या होत्या विद्याकाकू. सिंगापुरातच यिशुनला मुलाकडे राहतात, गुडघा दुखतो, तरी सगळीकडे येतात. सहलीच्या मधोमध गुढीपाडवा येत होता, आणि नेमक्या त्या दिवशी आम्हाला सेव्हिलहून कॉर्डोबा पाहून ग्रानादाला मुक्कामी जायचे होते. म्हणजे सबंध दिवस बसमध्ये. सण कसा करायचा, असा प्रश्न कोणी तरी काढला. काकू म्हणाल्या, "ज्या दिवशी घर म्हणजे बस, त्या दिवशी गुढी बसला."

त्यांनी सगळी तयारी सिंगापूरहूनच आणली होती. हिरवा खण, तांब्याचा छोटा तांब्या, हळदकुंकवाची डबी, आणि लिटल इंडियातल्या दुकानातून घेतलेली साखरेची गाठी. काठी नव्हती, म्हणून गुडघ्यासाठी घेतलेली स्वतःची घडीची काठीच त्यांनी गुढीला दिली. कडुनिंब मिळण्याचा प्रश्नच नव्हता. पण सेव्हिलच्या रस्त्यांवर दुतर्फा कडू संत्र्यांची झाडे आहेत आणि त्या दिवसांत ती फुलांनी लगडलेली होती. काकूंनी हॉटेलसमोरच्या झाडाची डहाळी मोडली, पाने-फुले गुढीला बांधली आणि प्रत्येकाच्या हातावर एकेक पान ठेवून म्हणाल्या, "चावा. कडू ते कडू, देवाला चालतं." मग बसच्या चालकापुढे जाऊन उभ्या राहिल्या. तीस वर्षे सिंगापुरात राहून काकूंचे इंग्रजी अगदी थोड्या शब्दांवर येऊन स्थिरावले आहे. पुढच्या काचेजवळच्या उभ्या दांड्याकडे बोट करून त्यांनी विचारले, "गुढी, हियर, कॅन?" चालक काही क्षण त्या नेसवलेल्या काठीकडे पाहत राहिला आणि मग त्याने छातीवर हात ठेवून मान झुकवली. मागून निखिल खास सिंगापुरी ढंगात ओरडला, "काकू, कॅन लाह!" सगळी बस हसली. सेव्हिलच्या बाहेर पडताना आमच्यापुढे गुढी होती, तिच्यापुढे लांबच लांब ऑलिव्हचे मळे होते, आणि बसभर संत्र्याच्या फुलांचा वास होता.

श्रीखंडही काकूंनीच केले होते. सुपरमार्केटातून दह्याचे डबे आणून त्यांनी ते मलमलच्या ओढणीत बांधले आणि हॉटेलच्या न्हाणीघरात शॉवरच्या नळाला टांगून ठेवले. सकाळी खोली आवरायला आलेली बाई ते लोंबते गाठोडे पाहून किंचाळून बाहेर पळाली, हे काकू पुढे सगळ्यांना रंगवून सांगत होत्या. त्या चक्क्यात तिथलेच केशर पडले, वेलची पडली. कॉर्डोबाला पोचल्यावर नदीकाठच्या बागेत आम्ही पंगत मांडली. तिखटमिठाच्या पुऱ्या सिंगापूरहून आल्या होत्या. मी निखिलच्या ताटात पाहिले, पुऱ्या मोजल्या, श्रीखंडाच्या वाटीचा अंदाज घेतला. श्रीखंडात साखर किती असते हे मला पाठ आहे. मी मात्रा सांगितली, पेन दिले, त्याने टोचून घेतले. काकूंनी त्याला आग्रहाने दुसरी वाटी वाढली, तेव्हा मी त्याप्रमाणे आणखी मात्रा वाढवली.

जेवण संपताना मी पुन्हा फोन पाहिला आणि निखिलला म्हणाले, "बाण वर जायला हवा होता, अजून सरळच आहे. चालत राहा जरा." मंडळाचे चिटणीस शिरीषदादा शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "निखिल, लेका, तुझा रिमोट वहिनींकडे आहे होय? जरा आवाज कमी करा म्हणावं त्याचा!" हशा पिकला. निखिलही हसला, पण त्याचे हसणे ओठांपलीकडे गेले नाही, हे मला दिसले.

पुढे मेस्किताच्या दाराशी, म्हणजे जुन्या मशिदीत उभ्या राहिलेल्या तिथल्या कॅथेड्रलच्या दाराशी, तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "आज पाडवा आहे. एक दिवस मला तुझ्या फोनमधून बाहेर काढशील?"

"तुझ्यासाठीच करते ना मी हे?"

"माहीत आहे गं. म्हणूनच तर काही बोलता येत नाही." त्याने कपाळ चोळले. "माझं डोकं जड झालंय. मी बसमध्ये जाऊन पडतो. तू बघून ये, तुला हे बघायचं होतं."

मी त्याला थांबवले नाही. खरे तर मला फार लागले होते. बस नदीपलीकडे उभी होती; तो पाठ फिरवून पुलाच्या दिशेने गेला आणि मी बाकीच्यांबरोबर आत शिरले. गोळ्या माझ्याच पर्समध्ये राहिल्या. हे माझ्या लक्षात आले नाही असे नाही. पण एवढे श्रीखंड खाल्ल्यानंतर साखर चढण्याची भीती होती, घसरण्याची नव्हती. शिवाय बसमध्ये खाऊच्या पिशव्या होत्याच. माझा तर्क त्या वेळी मला निर्दोष वाटला, आणि हाती असलेल्या माहितीपुरता तो निर्दोष होताही.

त्या इमारतीबद्दल मी बरेच वाचून गेले होते. खांबांमागे खांब, तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कमानींवर कमानी, जिथे उभे राहावे तिथून रांगा दूर दूर जाताना दिसतात. एरवी अशा रचनेची भूमिती उलगडण्यात मी तासभर रमले असते. त्या दिवशी मला काही दिसत नव्हते. आत गेल्यावर थोड्याच वेळात फोनवरचा आकडा नाहीसा झाला आणि त्या जागी दोन आडव्या रेघा आल्या. त्याने खरोखरच मला बाहेर काढले होते. रागाने त्याने ती जोडणीच बंद केली, असा मी अर्थ लावला. फोन करावा असे दोनदा मनात आले, आणि दोन्ही वेळा मी फोन परत ठेवला. आता फोन केला तर त्याचे म्हणणेच खरे ठरेल, असे मला वाटत होते.

बाहेर आल्यावर संत्र्याच्या झाडांचे अंगण लागते. दगडी जमिनीत पाण्याचे पाट कोरलेले आहेत आणि झाडे ओळीने उभी आहेत. मी कारंज्याच्या काठावर बसले. मंडळी दुकानांकडे पांगली होती. बसजवळ आठ वाजता जमायचे ठरले होते. उजेड लख्ख होता. मी फोनवरच्या त्या दोन रेघांकडे पाहत होते आणि माझ्या मनात हिशोब सुरू होते. शेवटचा आकडा काय होता, मात्रा केव्हा दिली, आता साखर साधारण किती असेल, काय काय होऊ शकते. अचानक मला जाणवले की मी थकले आहे. त्या दिवसाचा थकवा नव्हता तो. रात्री झोपेत हात उशीखालच्या फोनकडे जातो तिथपासूनचा, लग्नापासून साचत आलेला थकवा होता. एका माणसाला जिवंत ठेवण्याचे काम मी एकटीने अंगावर घेतले होते, आणि त्या कामाने माझ्या प्रेमाची जागा कधी व्यापली, ते मला कळलेच नव्हते. त्या अंगणात, परक्या देशात, दुसऱ्यांच्या देवळाच्या दारात बसून मी फोन पर्समध्ये टाकला, डोळे मिटले आणि मनात म्हणाले, "मला आता काही दिसत नाही. आता तूच बघ." कोणाला म्हणाले, ते त्या क्षणी मला माहीत नव्हते. आमच्या देव्हाऱ्यातल्या मूर्तीही डोळ्यांपुढे आल्या नाहीत. माझ्या आयुष्यात सवयीशिवाय केलेली ती पहिली प्रार्थना असावी.

डोळे उघडले तर समोर विद्याकाकू. एका हाताने झाडाचा आधार घेऊन उभ्या होत्या, कारण काठी गुढीला दिलेली होती. "अगं, बरी सापडलीस. चल माझ्याबरोबर. सात वाजत आले, गुढी उतरवायची आहे."

गुढी सूर्यास्ताच्या आत उतरवतात. सिंगापूर विषुववृत्ताजवळ असल्यामुळे तिथे बाराही महिने सूर्य साधारण सातच्या सुमाराला मावळतो. काकूंची गुढी यिशुनच्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर कपडे वाळत घालण्याच्या बांबूवर उभी राहते आणि सातच्या आत उतरते. पण आम्ही स्पेनमध्ये होतो. नुकतीच तिकडची घड्याळेही उन्हाळ्यासाठी तासभर पुढे सरकली होती.

"काकू, इथे सूर्य साडेआठनंतर मावळतो," मी म्हणाले. "वर बघा ना, केवढं ऊन आहे. आठला सगळे बसजवळ जमणारच आहेत, तेव्हा सावकाश उतरवा. एवढा पूल एकट्या कशाला चालता?"

त्यांनी वर पाहिले. ऊन त्यांनाही दिसत होते.

"ते खरं गं," त्या म्हणाल्या, "पण सूर्य त्याच्या वेळेने मावळू दे. माझी गुढी सातला उतरते. तीस वर्षं सातला उतरली, आज थांबवली तर मला चैन पडायचं नाही. आणि काठीही मोकळी होईल माझी."

मी त्यांना पृथ्वीचा कललेला आस समजावून सांगितला. खरोखर सांगितला; अक्षांश, ऋतू, घड्याळाचा बदल, सगळे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "झालं? येतेस का मग?" मी नाही म्हणाले. मी बसपाशी गेले तर निखिलला वाटेल, पाहणी करायला आली. काकू "बरं" म्हणून एकट्या निघाल्या, आणि त्यांच्या हट्टाचे नवल करत मी कारंज्यापाशी बसून राहिले. आज ते दृश्य आठवले की मला हसूही येते आणि अंगावर काटाही येतो. मी मागणे मागितले होते; उत्तर समोर येऊन उभे राहिले होते; आणि मी त्याला सूर्यास्ताची वेळ पटवून देत होते.

पुढचे काकूंकडून कळले. गल्ल्यांमध्ये त्या वाट चुकल्या. एका दारात खुर्ची टाकून बसलेल्या, त्यांच्याच वयाच्या एका बाईला त्यांनी हातांनी खुणा करून नदी विचारली. ती बाई उठली, काकूंचे लंगडणे पाहून तिने आपला दंड पुढे केला, आणि दोघी दंडात दंड घालून पुलावरून चालत गेल्या. वाटभर ती स्पॅनिशमध्ये बोलत होती आणि काकू मराठीत. "काय बोलत होतात?" असे मी नंतर विचारले, तर काकू म्हणाल्या, "तिचाही गुडघाच." निखिलला आत झोपू देऊन चालकाने बसला कुलूप घातले होते. चालक पलीकडच्या टपरीवर कॉफी पीत बसला होता, त्याला त्या बाईने हाक मारून आणले. दार उघडले, तशी ती काकूंच्या गालाला गाल लावून निघून गेली. तिचे नाव कोणालाच ठाऊक नाही.

निखिल मधल्या आसनावर वाकडा पडलेला होता. काकूंना वाटले, झोपला आहे. त्यांनी आधी गुढीला हळदकुंकू वाहिले, नमस्कार केला, तांब्या काढला, खण घडी केला. गाठीचा पहिला तुकडा जवळ असेल त्याच्या हातावर ठेवायचा, अशी त्यांची रीत. त्या निखिलपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "ऊठ रे बाळा, प्रसाद घे. तुझी बायको इथे नाही, मी सांगायची नाही तिला." त्याने डोळे अर्धवट उघडले. त्याचे ओठ हलले, पण शब्द लागेना. तुकडा हातातून गळून पडला. काकूंना वाटले, झोपेत आहे, चावत नाही. म्हणून, लहान मुलाला द्यावे तशी, त्यांनी गाठीची पदके तांब्यात मोडून टाकली, पाण्याच्या बाटलीतले पाणी ओतले, बोटाने ढवळले आणि त्याची मान हातावर घेऊन तांब्या त्याच्या ओठांना लावला. थोडे सांडले, थोडे पोटात गेले. दुसऱ्या घोटाला त्याने स्वतःच तांब्या धरला. तेव्हा त्याच्या हाताला त्यांचा हात लागला, आणि तो घामाने चिंब आहे हे त्यांच्या लक्षात आले. मग मात्र त्या घाबरल्या. चालकाला हाक मारली, मला फोन केला.

"अगं ये! निखिलला कसंतरी होतंय."

मी तो पूल कशी ओलांडून गेले, ते मला आठवत नाही. नदीवर अजून पिवळे ऊन होते, एवढे आठवते. आणि मी धावताना तेच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होते, तेही आठवते. पोचले तेव्हा तो बसून होता. पांढराफटक, शर्ट अंगाला चिकटलेला, तांब्या दोन्ही हातांनी छातीशी धरलेला. मला पाहून म्हणाला, "फोन मेला गं माझा. फोटो काढून काढून. रागावू नकोस."

त्याने मला बाहेर काढलेच नव्हते. त्याच्या फोनची बॅटरी संपली होती, म्हणून ना त्याला इशारा मिळाला, ना मला. पर्समधल्या छोट्या यंत्रावर मी त्याच्या बोटातला थेंब घेतला. गाठीचे सगळे पाणी पोटात गेल्यावरही आकडा धोक्याच्या रेषेखालीच होता. काकू येण्यापूर्वी तो कुठे असेल, हे मी जाणते. तो आकडा मी इथे लिहिणार नाही. मी गोळ्या दिल्या. पुढच्या थेंबाला आकडा वर चढला. चालकाने बोलावलेल्या रुग्णवाहिकेतून डॉक्टर आला, त्याने निखिलला नीट तपासले आणि तांब्याच्या तळाशी उरलेल्या गुलाबी साखरेकडे बोट करून हे काय, असे विचारले. काकू पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "गॉड शुगर, डॉक्टर." तो हसला नाही. त्याने तांब्याचा वास घेतला, मान हलवली आणि इंग्रजीत म्हणाला, "व्हेरी गुड मेडिसिन."

त्या रात्री ग्रानादाच्या वाटेवर निखिल माझ्या खांद्यावर डोके ठेवून झोपला होता. पुढच्या आसनावरून काकू वळून हळूच म्हणाल्या, "तरी बरं, मी त्याचं श्रीखंड वेगळं केलं होतं. मलाही मधुमेह आहे ना, माझ्याकडे ती बिनसाखरेची पूड असते. तीच घातली त्याच्या वाटीत. वेगळं म्हणून सांगितलं असतं तर त्याला वाईट वाटलं असतं, पंगतीत सगळ्यांसारखं खाऊ दे म्हटलं. नाहीतर आज केवढी वाढली असती साखर!"

क्षणार्धात मला सगळे समजले. जी साखर ताटात नव्हतीच, तिच्यासाठी मी इन्सुलिन दिले होते, तेही दोनदा. सरळ राहिलेल्या बाणाचा अर्थ आता लागला. मला संताप आला. पण काकूंचा चेहरा दिव्याच्या मंद उजेडात इतका निर्मळ दिसत होता की मी फक्त एवढेच म्हणू शकले, "काकू, झोपा आता. दमलात तुम्ही."

हे त्यांना कधीच सांगू नये, असे निखिलचे मत होते. मला ते पटेना. न सांगितलेली चूक पुन्हा घडू शकते. शिवाय खरे ऐकण्याइतक्या त्या नक्कीच खंबीर होत्या. सिंगापूरला परतल्यावर एका रविवारी आम्ही यिशुनला त्यांच्याकडे गेलो. त्यांचा मधुमेह वेगळा, निखिलचा वेगळा, त्याच्यासाठी ताटात काय आहे हे कळणे औषधाइतके महत्त्वाचे आहे, हे मी जमेल तितक्या हळुवारपणे सांगितले. मग काकूंनी विचारले, "म्हणजे मीच पाडलं त्याला, आणि मीच उचललं?"

"नाही काकू," मी म्हणाले. "पाडण्यात मीही होते. मीही न विचारता धरून चालले."

"बरं, पाडलं आपण दोघींनी," त्या म्हणाल्या. "पण उचललं कोणी? मी तर प्रसाद द्यायला गेले होते. मला कुठे ठाऊक होतं काही?"

माझ्या कामात या प्रश्नाला उत्तर आहे. दोन स्वतंत्र चुका कधी कधी एकमेकींना खोडून काढतात. याला योगायोग म्हणतात, आणि तो शब्द मला खोटा वाटत नाही. तो मी काकूंना सांगू शकले असते. पण त्यांच्या स्वयंपाकघरात उभी असताना, खिडकीबाहेरच्या रिकाम्या बांबूकडे पाहताना, तो शब्द मला पुरेना. कारण मी त्या अंगणात काय म्हणाले होते, हे मला ठाऊक होते. मी वाकून काकूंच्या पायांना हात लावला, आणि तो नमस्कार त्यांच्या पायांपाशी थांबला नाही, एवढेच सांगता येईल.

मी आजही आकडा पाहते. देवावर भार टाकला म्हणून मोजणे सोडायचे नसते. तसे केले तर ती श्रद्धा नव्हे, आळस होईल. पण गोळ्यांची डबी आता निखिलच्या खिशात असते. फोनवर दोन रेघा आल्या तर मी त्याला सरळ फोन करते. त्यात माझा मान कुठे अडकत नाही. आणि रात्री कधी जाग आली तर उशीखाली हात घालण्याआधी त्याच्या छातीवर हात ठेवते. लक्ष ठेवणे माझे काम आहे. राखणारे हात मात्र माझे एकटीचे नाहीत. ते कधी दंडात दंड घालून पूल ओलांडणाऱ्या अनोळखी बाईचे असतात, कधी चुकीच्या वेळी अगदी ठामपणे निघालेल्या काकूंचे.

यंदाच्या पाडव्याला आमच्या फ्लॅटमध्ये प्रथमच गुढी उभी राहिली, स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, बांबूवर. काकूंनी कॉर्डोबाचा तोच तांब्या माझ्या हवाली केला आहे. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"उतरवलीस का गं? सात वाजत आले."

बाहेर इमारतींमागे ऊन खरोखरच उतरत होते. मी गाठीचा एक तुकडा तांब्यात मोडला, पाणी ओतले, बोटाने ढवळले. निखिलने फोनकडे न पाहता ओंजळ पुढे केली. त्यातले काय मोजायचे ते मी मनात मोजून ठेवले.

"उतरवते आहे, काकू," मी म्हणाले. "प्रसाद देते आहे."